ड्रायव्हरचं काम दारापर्यंत

तेमेके, दार-एस-सलाम
४ मार्च २००१

प्रिय अटुगानिले ताईस,

लुसेकेलोचा नमस्कार. मी इकडे बरा आहे, काळजी तेवढी तुमची, कारण तुम्ही लांब.

नोकरी लागली. हसू नकोस. मागच्या वेळी सिमेंटच्या दुकानात लागलो म्हणून कळवलं आणि ते पत्र तुझ्या हातात पडायच्या आत दुकानच बसलं, हे माझ्या लक्षात आहे. ही मात्र पक्की आहे. हाजी म्ब्वाना म्हणून एक गृहस्थ आहेत. लग्नाला, बारशाला, मयताला लागणारा मांडव, खुर्च्या, चटया, मोठाली पातेली भाड्यानं देतात. त्यांचा छोटा ट्रक मी चालवतो. माल पोचवायचा, कार्य उरकलं की परत आणायचा. या शहरात माणसं सारखी लग्नं तरी करतात नाहीतर मरतात, त्यामुळे आमच्या धंद्याला मरण नाही.

पहिल्या दिवशी हाजींनी मला समोर बसवून कामं समजावली. सकाळी गाडीचं पाणी-तेल बघायचं. जड पातेली खाली, खुर्च्या वर, दोर बांधल्यावर पुन्हा एकदा ओढून बघायचा. माल मोजून द्यायचा, मोजून घ्यायचा, सही नाहीतर अंगठा घ्यायचा. कुणाच्या घरात शिरायचं नाही. जेवण मागायचं नाही, दिलं तर नाही म्हणायचं नाही. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "ड्रायव्हरचं काम दारापर्यंत. दाराच्या आत काय चाललंय ते त्या घराचं आणि देवाचं."

खुर्च्या त्याच असतात, ताई. सकाळी नवरीची आई जिच्यावर बसली तिच्यावर संध्याकाळी कुणाची तरी विधवा बसते. आम्ही मधल्या वेळात फडकं मारतो, एवढंच. माझ्याबरोबर शोमारी नावाचा हमाल असतो. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, पण कान तिखट. गल्लीच्या तोंडाशी मला गाडी थांबवायला लावतो आणि कान देतो. रडणं ऐकू आलं तर म्हणतो, "तोंड लांब कर." ढोल ऐकू आला तर म्हणतो, "दात काढ." मगच आम्ही आत जातो. परवा त्यानं रडणं ऐकलं, आम्ही दोघं मान खाली घालून गेलो, तर नवरी सासरी निघालेली. तिची आत्या आमच्याकडे बघून म्हणाली, "ही दोन गिधाडं कुणी बोलावली?"

मयताच्या घरी आम्ही 'पोले' म्हणतो आणि कामाला लागतो. मला ती सवय आधीपासूनच आहे. दुःखालाही तोच शब्द, दमण्यालाही तोच: ओझं उचललेल्याला पोले, तापानं निजलेल्याला पोले. तू तर म्हणायचीस की मी ठेच लागलेल्या कोंबडीलाही पोले म्हणतो. पण इथे समोरून 'निवलो' असं उत्तर आलं की सुटलो, पुढे काही बोलावं लागत नाही. माझ्यासारख्या बडबड्याला ते बरंच आहे.

हे पत्र असेगेलिले काकांकडे देतोय. त्यांची बस उबुंगोच्या स्टँडवर लागते तेव्हा मी जातो. पोस्टापेक्षा आपल्या गावचा ड्रायव्हर बरा. आईच्या गुडघ्याचं कसं आहे?

तुझा,
लुसेकेलो


मासोको, टुकुयू
१८ मार्च २००१

चिरंजीव लुसेकेलोस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, काळजी तुझीच, कारण तू लांब आहेस आणि त्यातून तू तू आहेस.

असेगेलिले काकांनी बस न थांबवताच खिडकीतून तुझं पत्र फेकलं. ते नेमकं बकरीसमोर पडलं. कोपरा गेला, बाकीचं वाचता आलं. नोकरी लागली हे वाचून मी शिलाईचं मशीन थांबवलं. शाळा उघडायची वेळ आहे, सगळ्या गावाचे गणवेश माझ्या उरावर आहेत, तरी थांबवलं, यावरून काय ते समज.

हाजी चांगले दिसतात. त्यांचं ऐक. तुझी जीभ तुझ्या आधी घरात शिरते ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे. गिधाड म्हणाली ती आत्या मला फार आवडली.

इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. केळी वाकल्यात. आईचा गुडघा तिच्या म्हणण्याप्रमाणे शेजारच्यांच्या नजरेनं बिघडलाय. ती शेजारी बसून सांगतेय ते जसंच्या तसं लिहिते. आई म्हणते: दुसऱ्यांच्या बुडाखाली खुर्च्या घालत फिरतोस, तू स्वतः कधी बसणार? पोरगी बघ. नाहीतर मी बघते, मग रडू नकोस.

तुझी ताई,
अटुगानिले


तेमेके
२२ एप्रिल २००१

ताई,

नमस्कार राहू दे. काय झालं ते आधी सांगतो, नाहीतर मी हेही पत्र फाडून टाकीन.

गुरुवारी शोमारी तापानं पडला होता. हाजी म्हणाले, "म्बागालाला फिडेलिसचं घर, आंब्याचं झाड आहे, मयत आहे, एकटा जा." मी गेलो. गल्लीच्या तोंडाशी शोमारीसारखा थांबलो, कान दिले. रडणं नाही. रेडिओ चालू होता. मला वाटलं, माणसं अजून जमायची असतील.

आंब्याखाली एक बाई चुलीपुढे बसून वितुंबुआ करत होती. खळग्यांच्या तव्यात तांदळाचं पीठ ओतत होती, काडीनं उलटत होती. मी म्हटलं शेजारीण असेल, आल्या-गेल्यांसाठी करत असेल. रडणारे आत असतील. मी म्हणालो, "पोले, वहिनी."

"निवले, भाऊ," ती म्हणाली. "रोजचंच आहे. तेल आहे आणि मी आहे."

मी मांडवाच्या काठ्या उतरवायला लागलो. तिनं विचारलं, "कुणाचं हे?" मी म्हणालो, "फिडेलिसच्या घरचं." ती उठून उभी राहिली, पिठाचा हात तसाच. "हेच फिडेलिसचं घर. मी स्कोलाची आई. त्यानं पाठवलं?" मी म्हणालो, पाठवलं तर आहे. माझ्या डोक्यात फिडेलिस म्हणजे घरचा मालक, ज्यानं मांडव सांगितला तो. गेलं असेल ते दुसरंच कुणीतरी.

तर ती हसायला लागली. तोंडावर हात ठेवून, पीठ गालाला लागलं तरी हसतेय. म्हणाली, "पोरगी शाळेत जायला लागली तरी हा चर्चमध्ये जाऊन लग्न लावायचं नाव काढत नाही. या वेळी लाकडाचा ट्रक घेऊन निघताना म्हणाला, आलो की आधी ते काम. मला वाटलं, नेहमीसारखं बोलतोय. बघा, मांडवच पाठवला की."

मला काहीच कळेना. हाजी मयत म्हणाले होते. पण हाजी परवा माझं नावही विसरले होते. आणि ती इतकी आनंदात होती, ताई, की मला वाटलं, बरं झालं, आज लांब तोंड करावं लागणार नाही. मी म्हणालो, "अभिनंदन, वहिनी." तिनं मला विकायच्यातले गरम वितुंबुआ दिले, पैसे घेतले नाहीत. मांडव कुठे घालायचा ते दाखवलं, ती फांदी आड येईल, जरा अलीकडे घ्या. शेजारणीला हाक मारली, "अगं बघ तरी, माझ्या नवऱ्याला अक्कल आली." शेजारीण दारात येऊन उभी राहिली. हसली नाही. मला वाटलं, जळत असेल.

मग मी, तुझा हुशार भाऊ, हातात दोन खुर्च्या आणि तोंडात घास घेऊन हसत हसत म्हणालो, "आमचे हाजी म्हातारे झाले बघा. मला म्हणाले, फिडेलिसच्या घरी मयत आहे."

शेजारणीनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

तेवढंच. ती ओरडली नाही, रडली नाही, फक्त हात डोक्यावर ठेवले. स्कोलाच्या आईनं तिच्याकडे पाहिलं. मग खुर्च्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाली, "तू कोण?"

मी म्हणालो, "ड्रायव्हर."

ती परत चुलीपुढे बसली. तव्यातले वितुंबुआ काळे पडले होते ते काडी सोडून बोटांनी उलटायला लागली. बोटं पोळत होती, तिला कळत नव्हतं. शेजारणीनं तिचे हात धरले तेव्हा ती ओरडली. तसा आवाज मी आपल्याकडच्या मयतांतही ऐकलेला नाही.

फिडेलिसचा तो लाकडाचा ट्रक मिकुमीच्या उतारावर उलटला होता. गल्लीतल्या बऱ्याच जणांना सकाळीच कळलं होतं. फिडेलिसचे भाऊ त्यांच्या थोरल्या काकांना घेऊन येणार होते. तिला आत बसवून, पाणी देऊन, रीतीनं सांगणार होते. ते थोरले काका येत होते ती बस नदीपाशी अडकली, आणि भावांनी सांगितलेला मांडव आधी पोचला. भाऊ आले तेव्हा त्यातल्या एकानं माझी कॉलर धरली. म्हणाला, "दादा एकदा मेला. तिच्यासाठी तू त्याला हसत मारलंस."

हाजींनी मला कामावरून काढलं नाही. त्यांनी काढलं असतं तर बरं वाटलं असतं. फक्त म्हणाले, "तुझं काम खुर्च्यांचं होतं, तू तोंड का उघडलंस?"

ताई, मला जेवण जात नाही. गरम तेलाचा वास आला की मी रस्ता बदलतो. मला एक शपथ दे. घरी कुणाचं काही झालं, देव न करो, तर मला 'जरा आजारी आहे, येऊन जा' असं लिहू नकोस. सगळ्या जगाला माहीत आणि मी तेवढा रेडिओ ऐकत बसलेला, असं करू नकोस. सरळ सांग. शपथ घे.

लुसेकेलो


मासोको
१ मे २००१

लुसेकेलो,

तुझं पत्र वाचून मी बाहेर जाऊन बसले. गणवेशाची बाही उलटी शिवली गेली, ती अजून उसवलेली नाही. त्या बाईचे हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही. तू ते हसत बोललास, हे वाईट झालं. पण तू मारलं नाहीस कुणाला. ज्यांना माहीत होतं ती माणसं सकाळपासून तिच्याकडून वितुंबुआ विकत घेत होती की नाही, हे त्या भावांना विचार.

आणि रीतीला नावं ठेवू नकोस. अशी बातमी म्हणजे भरलेला रांजण. एकट्यानं उतरवायला जाशील तर फुटतो, म्हणून दोघं लागतात, आणि घेणाऱ्याला आधी खाली बसवावं लागतं. आपले बाबा गेले तेव्हा मला चहाच्या मळ्यातून 'बाबांना ताप आहे' म्हणून आणलं होतं. वाटेत चार बायका माझ्याबरोबर चालत होत्या. मला कळलं होतं का? कळलं होतं. पण ते मला कुणी मोठ्यानं म्हटलं नाही तोवर माझे पाय चालले. नाहीतर मी तिथेच मळ्यात पडले असते.

तरी तू मागतोस तर शपथ घेते. कुणी गेलं तर तुला सरळ सांगेन, शब्द फिरवणार नाही. झालं समाधान?

तू त्या बाईकडे जा. आत्ता नाही, तिची माणसं पांगू दे, मग जा. काही बोलू नकोस, नुसता जा. ते तुझ्या हाजींच्या कामाच्या यादीत नसेल, पण जा.

इकडे सगळं ठीक. आईला थोडा खोकला आहे, पावसाचा. आई म्हणते: जेवत जा, आणि जिवाला फार लावून घेऊ नकोस.

तुझी ताई


तेमेके
१० जून २००१

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे. काळजी तुमची.

गेलो होतो. दोनदा गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत फिरलो, तिसऱ्यांदा शोमारीनं मला ढकललं. म्हणाला, "गाडीचं मागचं चाक आहेस का, पुढचं गेल्याशिवाय जात नाहीस?"

ती आंब्याखालीच होती. तोच तवा. बोटांवर पांढरे डाग राहिलेत. मला ओळखलं, पाटाकडे बोट दाखवलं. मी बसलो. तू सांगितलं होतंस बोलू नकोस, म्हणून नाही बोललो. गिऱ्हाइकं येऊन गेली. बऱ्याच वेळानं तिनेच सुरुवात केली.

"सकाळपासून अर्धी गल्ली माझ्याकडून घेऊन गेली," ती म्हणाली. "सगळ्यांना माहीत होतं. एकानं तर उधार मागितले. तोंडानं सांगितलंस तो तू एकटा."

मला वाटलं, आता ही माझे आभार मानते की काय. माझा जीव हलका व्हायला लागला होता. तेवढ्यात ती म्हणाली, "सांगितलंस त्याचा राग नाही. त्याआधी मला हसू दिलंस, त्याचा आहे. तो तिकडे चादरीखाली आणि मी इथे फिदीफिदी हसत होते. मांडव इकडे घाला, तिकडे घाला. ते हसू आता मी कुठे ठेवू?"

तिनं चहा दिला, मी प्यालो. निघताना म्हणाली, "पुन्हा ये. पण येशील तेव्हा आधी आवाज दे."

आता माझी काम करायची पद्धत ऐक. मयताचा माल असला की मी गाडी गल्लीच्या बाहेर लांब उभी करतो. चालत पुढे जातो. पहिल्या दुकानात नाहीतर नळावर विचारतो, "घरात माहीत आहे का?" एवढंच. माहीत आहे म्हटलं तर गाडी आत घेतो. नाही म्हटलं तर थांबतो, सांगणारी माणसं येईपर्यंत. परवा असाच थांबलो, उशीर झाला, दुसऱ्या घरची पातेली अडकली. हाजी संतापले. "दाराच्या आत बघू नको म्हटलं होतं ना?" मी म्हणालो, "आत नाही बघत, हाजी. पण दारापर्यंत म्हणजे कुठवर, ते तुम्ही सांगितलं नव्हतं." ते उठून पातेली मोजायला गेले. दुसऱ्या दिवशी बाकीच्या ड्रायव्हरांना ओरडून सांगत होते, "आधी विचारायचं, घरात माहीत आहे का. गाढवांनो, ही माझी जुनी पद्धत आहे."

एक विचारतो. मागच्या पत्रात आई म्हणते म्हणून लिहिलंस, 'जिवाला फार लावून घेऊ नकोस.' आई असं कधीपासून बोलायला लागली? तिनं मला कोंबडी म्हटलं असतं, बाबांवर गेलाय म्हटलं असतं. खोकला बरा आहे ना? या खेपेला तिच्या तोंडची चांगली सणसणीत शिवी लिहून पाठव. मला हवी आहे.

तुझा,
लुसेकेलो


मासोको
२६ जून २००१

लुसेकेलो,

हे उभ्यानं वाचू नकोस. बस.

आई गेली. आज पहाटे, मिशनच्या दवाखान्यात. मी जवळ होते.

शपथ घेतली होती, ती पाळली. शब्द फिरवला नाही. आता दुसरं सांगते. ती एप्रिल संपता संपता दवाखान्यात गेली होती. खोकला पावसाचा नव्हता. तुला कळवू नको म्हणाली. म्हणाली, पोराला पहिल्यांदा धड नोकरी लागलीय, सोडून पळत येईल, आणि त्यातून त्या बाईचं ओझं त्याच्या छातीवर आहे. मागच्या पत्रातली 'जिवाला फार लावून घेऊ नकोस' ही शेवटची ओळ माझी होती. तू ओळखलीस. तू कुणी गेलं तर सांग म्हणाला होतास, आजारी असलं तर सांग असं म्हणाला नव्हतास, म्हणून मी स्वतःला माफ करून घेत होते. तू करणार नाहीस हे मला माहीत आहे. भांड माझ्याशी. पण इथे येऊन भांड.

टुकुयूच्या पोस्टातून हाजींच्या दुकानात फोन करता आला असता. पण दुकानातून कुणीतरी अंगणापार ओरडून तुला सांगितलं असतं, आणि तुझ्या हातात तेव्हा खुर्च्या असत्या. ते मला नको होतं. रीतही मोडायची नव्हती. म्हणून असेगेलिले काकांना म्हणाले, पत्र खिडकीतून फेकायचं नाही. त्याला आधी बसवा. वाचून होईपर्यंत त्याला सोडू नका. ते म्हणाले, "पोरी, माझं काम स्टँडपर्यंत." मी म्हणाले, आज नाही.

ते इंजिन चालू ठेवून उभे आहेत. तू आल्याशिवाय आईला मातीत ठेवणार नाही. घरामागे केळीत जागा केली आहे, तिनेच दाखवली होती.

तुझी शिवी तिनं दिली आहे. काल तुझं पत्र वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होती. हाजींची जुनी पद्धत ऐकून तिला हसू आलं, मग खोकला आला. मग म्हणाली: गाढवाला सांग, आंब्याखाली आयता पाट मिळतोय तर बसायला शिक.

ये.

अटुगानिले


तेमेके
२९ जुलै २००१

प्रिय ताई,

नमस्कार. पोचलो. बरा आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

तुझ्याशी भांडायचं म्हणून आलो होतो आणि भांडायचं राहून गेलं. तिथे इतकी माणसं होती. आता इथे एकटा बसलो की भांडण सुचतं, मग तुझे सुजलेले डोळे आठवतात आणि परत राहून जातं. राहू दे.

पण एक गोष्ट तुला तिथे सांगितली नाही, ती सांगायला हे पत्र. तुझं पत्र मला कसं मिळालं ती.

मी उबुंगोला मजेत उभा होतो. भाजलेला मका खात होतो. काकांची बस आली. मला वाटलं, नेहमीसारखं पत्र फेकतील आणि ओरडतील, "घे, तुझ्या ताईच्या शिव्या." त्यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले. एवढ्या लांबून गाडी हाकून आलेला माणूस, पाय आखडलेले, तरी सरळ माझ्याकडे आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "पोले, बाबा."

आणि मी म्हणालो, "निवलो, काका. रोजचंच काम आहे."

ताई, रोज तोच शब्द मी दारोदार पोचवतो. घरात माहीत आहे का, म्हणून गल्लीत विचारत हिंडतो. हाजींना शिकवतो. आणि माझ्या हातात आला तेव्हा मला ओळखता आला नाही. मी मका खात होतो.

काका म्हणाले, "आधी बस." मी आजूबाजूला पाहिलं, बसायला काही नव्हतं. मी म्हणालो, "खुर्च्या मागवू का? हाजींकडून भाड्यानं आणतो."

ते हसले नाहीत. त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला ते तोंड ओळखीचं वाटलं. आंब्यासमोरच्या दारात ती शेजारीण उभी होती, तिचं तसंच होतं. तेव्हा मला कळलं. पत्र अजून त्यांच्या खिशात होतं आणि मला सगळं कळलं होतं. त्यांनी मला बसच्या पायरीवर बसवलं, स्वतः खाली धुळीत बसले आणि मग पत्र दिलं. उतारू टपावरचं सामान मागत होते, आरडाओरडा चालला होता, एकानं त्यांना आईवरून शिवी दिली. ते उठले नाहीत. मी शेवटची ओळ वाचेपर्यंत त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. तुझं काम त्यांनी नीट केलं, ताई. इतकं नीट मी अजून कुणाचं केलेलं नाही.

परवा स्कोलाची आई इथे आली होती. तिला कुणी सांगितलं माहीत नाही, शोमारीनंच सांगितलं असणार. मी गोदामामागे खुर्च्या धूत होतो. ती थेट माझ्याकडे आली नाही. फाटकाशी थांबून तिनं शोमारीला विचारलं, "त्याला माहीत आहे का?" शोमारी म्हणाला, "माहीत आहे, मातीला जाऊन आला." मग तिनं आवाज दिला.

तिनं ओल्या खुर्च्यांतल्या दोन ओढल्या, पदरानं पुसल्या, मला एकीवर बसवलं, स्वतः दुसरीवर बसली. फडक्यात बांधून वितुंबुआ आणले होते. आधी काही बोलली नाही. मीही नाही. मला शिकायला वेळ लागतो, पण शिकतो.

मग ती म्हणाली, "पोले."

निवलो म्हणायचं असतं. माझ्या जिभेवर आलं होतं, सवयीनं. मी म्हणालो, "अजून नाही, वहिनी."

"मीही नाही," ती म्हणाली.

मग आम्ही वितुंबुआ खाल्ले, गार झाले होते. पलीकडे शोमारी एका लग्नाचा माल भरत होता. तो गाडी भरून हाक मारेपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.

तुझा,
लुसेकेलो